पदवी कुणाच्या पदरात?

कल्याण कर्नाटकातल्या सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी उघडायचं ठरलं आणि जून 2024 मध्ये अंगणवाडीच्या बाया बेंगळुरूत आंदोलनाला बसल्या. तीन ते सहाची लेकरं शाळेनं नेली, तर अंगणवाडीत उरणार काय? त्यावर आमचे एक विद्वान मित्र म्हणाले, "दहावी-पीयूसी झालेली बाई बालशिक्षण काय देणार? त्यात एखादं दिव्यांग लेकरू आलं तर संपलंच. तिथं पदवीवालेच पाहिजेत." मित्र दिवाळी अंक विकत घेत नाहीत, मागून नेतात. म्हणजे हा लेख ते नक्की वाचतील.

मित्रांच्या तोंडी सारखं मॉन्टेसरीचं नाव असतं. ते बहुधा भरमसाट फीच्या शाळेच्या पाटीवरून घेतलेलं असावं. मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. ज्यांना मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलं होतं, अशा मुलांपासून त्यांचं काम सुरू झालं. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांची जुनी पुस्तकं त्यांनी खणून काढली. हातानं चाचपून शिकायची साधनं त्या मुलांसाठी घडवली आणि ती मुलं लिहू-वाचू लागली. तेव्हा लोकांनी मॉन्टेसरींचं कौतुक केलं. त्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुलं एवढं करतात, तर शाळेतली धडधाकट मुलं एवढी मागे का? मग 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. म्हणजे दिव्यांग लेकरांसाठी घडलेली पद्धत पुढे सगळ्यांच्या वाट्याला आली. आणि आज आपण विचारतो, बालवाडीत दिव्यांग लेकराला जागा कशी करायची! जणू ते लेकरू पाहुणं आहे.

पद्धत महाग होती. ताराबाई मोडकांनी ती बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बिया, शिंपले, खडे यांवर आणली. लेकरं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. 1975 साली सरकारनं देशभरातल्या 33 प्रकल्पांत अंगणवाड्या काढल्या, त्याआधीचं हे काम. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ पन्नाशी उलटल्यावर बी.ए. झाल्या, काम आधी, पदवी नंतर. इथवर मित्रांचा मुद्दा निकालात निघाला, असं म्हणून थांबता आलं असतं.

पण बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावाचा विचार केला की तेवढ्यावर थांबवत नाही. घरी मराठी, शेजारी उर्दू, तांड्यावर लंबाणी आणि अंगणवाडीत कन्नड गाणी. तीन वर्षांचं लेकरू गप्प बसतं. त्याला ऐकू येत नाही, की स्वमग्नता आहे, की नुसती कन्नड कळत नाही? "येईल बोलायला, बापसुद्धा उशिरा बोलला," असं घरचे म्हणतात. कधी ते खरंही असतं. खरं नसतं तेव्हा ऐकू न येणाऱ्या लेकराची भाषा शिकायची मोलाची वर्षं वाया जातात. हे ओळखायला माया पुरत नाही, शिकलेली नजर लागते. एवढ्यापुरते मित्र बरोबर आहेत.

मात्र ही नजर बाईला देणार कोण? 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारच्या दिव्यांगता मोजतो, पण त्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहापासूनच. विशेष शिक्षक पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत, पूर्वप्राथमिकची पदविका शिक्षक शिक्षण परिषदेकडे, अंगणवाडी महिला-बालविकास खात्याची. लेकरू एक आणि दप्तरं तीन. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आहे, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती 28 नोव्हेंबर 2023 ला जाहीर झाली. ती राबवायची त्याच बाईनं, पोषण आहार आणि नोंदवह्या सांभाळून. हातात पगार नव्हे, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायलासुद्धा 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं.

तेव्हा पदवी हवीच, पण बाईला बाजूला सारायला नव्हे. समावेशक बालशिक्षणाची पदवी तिलाच द्या. नोकरीची वर्षं अभ्यासात धरा, सराव तिच्याच अंगणवाडीत ठेवा, शिकवणं कन्नड आणि मराठी दोन्हींत होऊ द्या, आणि पदवीनंतर शिक्षिकेची वेतनश्रेणी लावा. आळंद तालुक्यात कडगंचीला 2009 साली स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. कल्याण कर्नाटकाचं विकास मंडळ आहे, त्याच्याकडे पैसाही आहे. विद्यापीठानं तुकडी काढावी, मंडळानं फी भरावी, आणि पहिल्या जागा बिदर-कलबुर्गीच्या सेविकांना द्याव्यात. मित्रांना शिकवायला यायचं असेल तर त्यांचंही स्वागत आहे. फक्त आधी एक महिना अंगणवाडीत बसून यावं.