वीतभर धागा, पन्नास वाव दोर



आता दोर दुकानातून येतो आणि तोही बहुधा नायलॉनचा. पण कोकणपट्टीतील अनेक घरांत पूर्वी सुंभ घरीच वळला जाई. नारळाची सोडणे कित्येक महिने पाण्यात कुजवायची, मग ती कुटायची, की काथ्या मोकळा होतो. काथ्याचे दोन झुबके घेऊन ते तळहातांत एकाच दिशेने पिळायचे आणि हे दोन पेड एकमेकांभोवती उलट दिशेने फिरवायचे. पेडांचा पीळ जसा सुटू पाहतो, तसे ते एकमेकांना अधिकच आवळतात. पेड बारीक होऊ लागला की त्यात नवा काथ्या सरकवायचा. मात्र दोन्ही पेडांत जोड एकाच जागी येऊ द्यायचा नाही. गाठ नाही, डिंक नाही.

काथ्याचा धागा फार तर वीत-दीड वीत असतो. पन्नास वाव दोरात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एकही धागा सापडणार नाही. तरी त्याच दोराने विहिरीतून भरलेली घागर वर येते.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्यातील काही तरुण मला विचारतात, “फादर, रविवारी मिस्सेत सर्वांबरोबर उभा राहून मी श्रद्धा प्रकट करतो. पण त्यातले सारेच मला मनापासून पटलेले असते असे नाही. मग हे ढोंग नव्हे काय?”

हा प्रश्न प्रामाणिक आहे. ‘असे विचारू नये’ म्हणून तो दडपणे बरे नव्हे.

फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त (१५९६-१६५०) याला ज्ञान साखळीसारखे हवे होते. पहिली कडी नि:संशय, तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. साखळीची एक कडी तुटली की सारेच गेले. आपले तरुण नकळत श्रद्धेकडे असेच पाहतात. संत जॉन हेन्री न्यूमन (१८०१-१८९०) यांनी १८६४ साली एका पत्रात वेगळी उपमा दिली. आपली खात्री ही दोरखंडासारखी असते, प्रत्येक धागा दुबळा, पण एकत्र वळल्यावर लोखंडी कांबीइतकी भक्कम. आईची प्रार्थना, एखाद्या आजाऱ्याने दाखविलेला धीर, शास्त्रातील एखादे वचन, कुणी केलेली क्षमा, यांतले एकही एकटे पुरावा म्हणून पुरे पडत नाही. पण एकत्र आले की माणूस त्यांच्या आधाराने जगू शकतो.

शिवाय हा दोर एकट्याचा नाही. ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेने श्रद्धा शब्दांत मांडली तेव्हा आरंभीचे क्रियापद अनेकवचनी होते, ‘आम्ही श्रद्धा ठेवतो’. आज माझा धागा जिथे संपतो, तिथे शेजारच्याचा चालू असतो. उद्या त्याचा संपेल तेव्हा कदाचित माझा असेल.

मग ढोंग कशाला म्हणावे? दोराच्या अंगावर काही कुसे बाहेर आलेली असतात. दुरून ती दोराचाच भाग दिसतात, पण घागरीचा भार त्यांच्यावर येत नाही. ढोंगी माणूस तसा असतो. म्हणून स्वत:ला विचारावयाचा प्रश्न ‘मला शंका आहे का?’ हा नाही. ‘माझ्या श्रद्धेवर कधी भार येतो का?’ हा आहे. हिशेबात खोटे लिहिणे सोपे असताना मी खरे लिहितो का? भावाशी अबोला असताना पहिले पाऊल मी टाकतो का? शंका असूनही जो हे करतो तो ढोंगी नव्हे. शंका नसून जो हे करीत नाही, त्याने मात्र विचार करावा.

आईवडिलांनाही एक विनंती. पिळाशिवाय दोर होत नाही हे खरे, शिस्त हवीच. पण पीळ जास्त झाला की दोराला आढे पडतात आणि तो कामाचा राहत नाही. मुलगा प्रश्न विचारतो म्हणून त्याला घरात परका करू नका. त्याच्याशी बोला, आणि उत्तर सुचले नाही तर त्याच्याबरोबर शोधा.

आज श्रद्धा प्रकट करताना आपला आवाज थोडा खाली ठेवून शेजारच्याचा आवाज ऐकावा. त्या दोराचा आपण एक धागा आहोत.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू