घासलेलं नाव

मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा त्याच्या गॅरेजात गाडी नव्हती, गाडीचा सापळा होता. एका जुन्या फोक्सवॅगन बीटलचा नुसता तळ, वर काही नाही. शेजारी भिंतीला टेकवून मोठ्या होडीसारखी एक लाल वस्तू उभी. "आई, ही डून बग्गी. वाळूच्या टेकड्यांवर चालवायची उघडी गाडी. घरीच जोडणार आहे," मुलगा म्हणाला. मी मनात म्हटलं, चाळिशी ओलांडली तरी खेळणी सुटली नाहीत.

आपल्याला पहिला प्रश्न सुचतो तो जीवांचा. वाळू म्हणजे काही मेलेली जमीन नव्हे; किडे, सरडे, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची घरटी, सगळं तिथंच. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "वाळूत नाही नेणार, आई. रस्त्यावरच फिरवीन." तेवढ्यावर माझं समाधान झालं. खरा प्रश्न दुसराच निघाला, आणि तो मला फिरवून थेट बेळगावला, उद्यमबागेतल्या आमच्याच फौंड्रीत घेऊन आला.

आधी काम कसं चालतं ते सांगते, कारण मी ते रोज स्टुलावर बसून बघितलं. बीटलचा तळ या सांगाड्याला लांब पडतो. म्हणून तो मधेच कापून सव्वाचौदा इंच काढून टाकायचा आणि दोन्ही तुकडे पुन्हा वेल्डिंगने जोडायचे. मधल्या बोगद्यातून गियरचा दांडा, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची तार जाते, तीही त्या मापाने आखूड करायची. हे सरळ रेषेत बसलं नाही तर गाडी जन्मभर तिरकी. मग वर फायबरग्लासचा सांगाडा ठेवून बोल्टने आवळायचा. सांगाड्याला भोकं पाडताना, कडा घासताना काचेची भुकटी उडते. तोंडाला मास्क, हातात मोजे, तरी अंगाला खाज सुटते. एकदा त्याचा शर्ट मी माझ्या कपड्यांबरोबर धुतला आणि दोन दिवस पाठ खाजवत बसले.

तो सांगाडा कसा बनतो, हेही त्याने समजावलं. साच्याला आधी मेण लावायचं, मग रंगाचा थर, मग काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन. वाळलं की साच्यातून सोडवायचं. म्हणजे बाहेरचं दिसणं आधी तयार होतं, आतलं बळ नंतर. मी म्हटलं, "हे आमच्या ओतकामाच्या उलटंच की रे." तो हसला. पण पुढं त्याने जे सांगितलं ते उलटं नव्हतं, अगदी आमच्यासारखंच होतं. कुणाचाही तयार सांगाडा आणायचा, त्याला मेण लावून वरून चटई आणि रेझिन चढवायचं, वाळल्यावर उचलायचं. झाला साचा. मूळ माणसाने महिनोन्‌महिने घालवून शोधलेली वळणं एका आठवड्यात आपली.

ही वळणं शोधणारा माणूस होता ब्रूस मायर्स. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचा, फायबरग्लासच्या बोटी बांधण्यात हात बसलेला. 1964 साली त्याने आपली पहिली बग्गी बांधली. पुढं सांगाड्याचं किट विकायला काढलं आणि नाव दिलं मायर्स मँक्स. मँक्स ही बिनशेपटीच्या मांजरांची जात. गाडीही मागून तशीच तोकडी. 1967 साली त्याने आणि त्याच्या मित्राने मेक्सिकोतलं बाजाचं वाळवंट या गाडीतून पार केलं आणि मोटारसायकलचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. मग मागणीचा पूर आला. आणि पुरापाठोपाठ नक्कल करणारे आले. त्याने पेटंट घेतलं होतं. तो कोर्टात गेला, पण न्यायाधीशाने पेटंटच टिकवलं नाही. त्याच्या कारखान्यातून पाच-सहा हजार किटं निघाली. नकला जगभर मिळून अडीच लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज सांगतात. 1971 साली कारखाना बंद पडला. 2000 साली, सत्तरी उलटल्यावर, त्याने पुन्हा किटं करायला घेतली. 2021 साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

"मग तुझा हा सांगाडा त्याचाच का?" मी विचारलं.

"नाही. नक्कल आहे. पन्नास वर्षांपूर्वीची. कुणी बनवली माहीत नाही. खरी घ्यायची तर परवडत नाही."

इथवर मी गप्प होते. पण दुसऱ्या दिवशी टपालाने एक छोटं पाकीट आलं. आत चकचकीत बिल्ला होता, मँक्सचा. पुढच्या नाकाडावर लावायला. त्याने पेन्सिलीने खुणा करून दोन भोकंही पाडली.

मी म्हटलं, "हे मात्र बरोबर नाही. त्याची गाडी नाही, त्याचं नाव कशाला?"

तो ड्रिल खाली ठेवून म्हणाला, "आई, अण्णांनी वेगळं काय केलं होतं? माझी इंजिनिअरिंगची फी कुठून आली?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

1998 साल. आमची फौंड्री बसत चालली होती. एक गिऱ्हाईक पंपाची तयार बॉडी घेऊन आलं. शेजारच्याच गल्लीतल्या एका फौंड्रीचा माल होता, उत्तम पॅटर्न, वर त्यांच्या नावाची उठावाची अक्षरं. "अगदी अशीच द्या, भाव दोन पैसे कमी," एवढंच गिऱ्हाईक म्हणालं. ज्यांना ओतकाम माहीत नाही त्यांना सांगते: बीड थंड होताना आकसतं, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करतात. कुणाचं तयार कास्टिंगच पॅटर्न म्हणून वाळूत दाबलं तर आपला माल तेवढा लहान निघतो. यांनी त्या बॉडीवर पुट्टीचा थर चढवून ती वाढवली. पण त्याआधी ग्राइंडर लावून ती अक्षरं घासून काढली. मी डबा घेऊन गेले होते. ठिणग्या उडताना मी पाहिल्या. काही बोलले नाही.

फौंड्रीचे हिशेब मी लिहीत असे. दर कामापुढे 'पॅटर्न खर्च' असा रकाना असे. त्या कामापुढे तो कोरा राहिला. फौंड्री सावरली, मुलाची फी भरली गेली. शेजारच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांची ती ऑर्डर कायमची गेली.

मैत्रिणींनो, आपण अचौर्य अणुव्रत म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येतं? रात्री कडी काढून शिरणारा चोर. तो आपण नसतोच, म्हणून हे व्रत आपल्याला सगळ्यांत सोपं वाटतं. पण आपल्या आचार्यांना माणूस चांगला ठाऊक होता. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एकही कडी काढणाऱ्याचा नाही. सगळे बाजारातले, आपल्यासारख्या सभ्य माणसांचे. चोरून आणलेला माल घेणं हा त्यांतला एक, तदाहृतादान. खऱ्याच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं खपवणं हा दुसरा, प्रतिरूपकव्यवहार. बस्तीतल्या स्वाध्यायात हे शब्द मी कितीदा वाचले असतील. दुधात पाणी, तुपात डालडा, एवढाच अर्थ मी लावत आले. त्या रात्री पहिल्यांदा त्या शब्दांत ग्राइंडरचा आवाज ऐकू आला.

तरी मन वाद घालतच होतं. त्या माणसाच्या घरातून काय गेलं? त्याचा पॅटर्न त्याच्याकडेच राहिला. मायर्सचा साचाही कुणी उचलून नेला नाही. आणि नक्कल न करता कोण काय शिकलं? मी पुरणपोळी सासूबाईंच्या हाताकडे बघून शिकले. कशिदा शेजारणीच्या पदरावरून उतरवला. मायर्सने तरी तळ आणि इंजिन बीटलचंच घेतलं ना? मग आकार घेणं चोरी कशी?

पहाटे कधीतरी मला उत्तर सापडलं, निदान माझ्यापुरतं. मायर्सने बीटल घेतली, पण ती बीटल आहे हे कधी लपवलं नाही. सासूबाईंची पोळी करताना मी 'ही आत्याबाईंची पद्धत' असं सांगते, आणि सांगताना मला बरंच वाटतं. जिथं देणाऱ्याचं नाव सांगायला संकोच होत नाही, तिथं ते घेणं म्हणजे शिकणं. जिथं देणाऱ्याचं नाव घासून काढावं लागतं, तिथं आपल्याला आधीच कळलेलं असतं की हे कुणी दिलेलं नाही. अदत्त आहे. हे ओळखायला कायदा लागत नाही. मायर्सचा दावा कोर्टाने फेटाळला म्हणून नक्कल करणारे कायद्याने सुटले. पण व्रत कोर्टात तपासलं जात नाही, ते ग्राइंडर हातात घेताना तपासलं जातं. आणि ते उलट बाजूनेही लागू पडतं. यांनी दुसऱ्याचं नाव पुसलं, माझा मुलगा दुसऱ्याचं नाव चिकटवत होता. दोन्हीकडे खोटं एकच: हे कुठून आलं हे कुणाला कळू नये.

आणि मी? मी तर काही घासलं नव्हतं. मी फक्त डबा नेला होता आणि रकाना कोरा ठेवला होता. कृत, कारित आणि अनुमोदना असं आपण म्हणतो. ठिणग्या बघून गप्प बसणं यांतलं काय, हे मला कुणी शिकवायला नको.

मुलाला मी पुन्हा काही बोलले नाही. ज्याची फी त्या रकान्यातून भरली त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार?

परत आले ते दशलक्षण पर्वाच्या तोंडावर. हे जाऊन आता सहा वर्षं झाली. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडतो, ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांना तर फारच प्रेमाने. त्या वर्षी मी शेजारच्या गल्लीत गेले. ते गृहस्थ आता ऐंशीच्या पुढचे, फौंड्री मुलगा बघतो. पंपाचं नाव काढताच म्हणाले, "वहिनी, अठ्ठ्याण्णव साल." मी काही सांगायच्या आधी.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं नाव आमच्यात घासलं गेलं. मी बघत होते."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ऑर्डर जाते, येते. माझा पॅटर्नवाला म्हातारा होता. त्याने चार महिने त्या वळणावर घालवले होते. तुमची बॉडी बाजारात बघून तो म्हणाला, मालक, हे माझंच पोर आहे, पण बाप दुसराच सांगतात."

त्या पॅटर्नवाल्याचा मी कधी विचारच केला नव्हता. तोही आता नाही. मी एका पाकिटात त्या वेळच्या पॅटर्नचा खर्च, सुचला तेवढा वाढवून, नेला होता. त्यांनी तो घेतला, मोजला नाही, खिशात घातला. मला बरं वाटलं. 'राहू द्या' म्हणाले असते तर मी मोठेपणा घेऊन घरी आले असते आणि रकाना कोराच राहिला असता. तरी तो पुरता भरला असं मी म्हणणार नाही. ज्याचं पोर होतं त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही.

रात्री मुलाला फोनवर हे सगळं सांगितलं. सल्ला दिला नाही. तो "बरं" म्हणाला.

महिन्याभराने फोटो आला. गाडी पुरी झाली होती, लाल, तोकडी, खरंच मांजरासारखी. मी बोटांनी फोटो मोठा करून पुढचं नाकाड पाहिलं. बिल्ला नव्हता. दोन भोकं होती, ती त्याने बुजवली नव्हती. खाली लिहिलं होतं, "कुणी विचारलं तर सांगतो, मायर्सच्या गाडीची नक्कल आहे. सगळेच विचारतात, आई. रोज सांगावं लागतं."