पावसाळ्याची बेगमी



आपली घरे मार्केट यार्डच्या आसपास आहेत. रात्री उशिरापासून तरकारीच्या गाड्या येऊ लागतात आणि उजाडण्यापूर्वी गाळे भरून जातात. कांदा-बटाटा, पालेभाजी, फळे, भुसार, फुले, सगळे हाकेच्या अंतरावर मिळते. असे असूनही आपल्यापैकी काही कुटुंबे घरामागच्या वीतभर जागेत, गच्चीवर किंवा गॅलरीतल्या डब्यांत भाजी लावतात. मेथी, पालक, मिरची, टोमॅटो, एखादा दोडक्याचा वेल. जास्तीचे पीक आले की मिरच्या भरून वाळवतात, लोणचे घालतात, टोमॅटोचा सॉस करून बाटल्या भरतात. या कामाला आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे बसतात.

या साध्या घरकामातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला श्रद्धेचा आहे. उद्याची चिंता करू नका असे प्रभू येशूने सांगितले असताना वर्षभराच्या बरण्या भरून ठेवणे म्हणजे देवावरचा अविश्वास नव्हे काय? दुसरा न्यायाचा आहे. शेजारचे घर रिकामे असताना आपले फडताळ भरलेले असणे योग्य आहे काय? हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आज त्यांचा थोडा विचार करू या.

आपल्या मराठीत या कामाला एक सुंदर शब्द आहे: बेगमी. तो फारसीतून आला. 'बे' म्हणजे वाचून किंवा विना आणि 'गम' म्हणजे दुःख, चिंता. पावसाळ्याची बेगमी करणे म्हणजे पुढचे चार महिने घर निश्चिंत राहील अशी तजवीज करणे. मृग लागण्यापूर्वी आपल्या आज्या पापड, कुरडया, सांडगे, लोणची उरकून घेत असत. त्या काही घाबरून हे करीत नसत. काम झाले की पदराला हात पुसून त्या मोकळ्या होत आणि पावसाची वाट पाहत. प्रभूने नको म्हटले ते चिंतेला. पेरणीला किंवा साठवणीला त्याने नको म्हटलेले नाही. आकाशातील पाखरांचे उदाहरण देणाऱ्या याच प्रभूच्या कितीतरी दाखल्यांत पेरणारा, द्राक्षमळा आणि कापणी आहे. शिवाय पाखरेसुद्धा घरट्यात बसून राहत नाहीत. दिवस उजाडला की तीही चारा शोधायला निघतात.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाचा विचार करताना दूरदृष्टीला तिचे मुख्य अंग मानले आहे. पुढचे पाहून आजची कृती ठरवणे, ही दूरदृष्टी. लॅटिन भाषेत तिला 'प्रॉव्हिदेन्तिया' म्हणतात आणि देव सृष्टीची जी काळजी वाहतो तिलाही हाच शब्द आहे. म्हणजे वैशाखात कैरीच्या फोडींना मीठ लावणारी आई देवाच्या काळजीवर अविश्वास दाखवीत नसते, ती त्या काळजीत सहभागी होत असते.

अर्थात सुज्ञता म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. तिला ज्ञानाची जोड लागते. लोणचे टिकते ते का? मीठ फोडींतले पाणी ओढून घेते, आंबटपणामुळे जंतूंची वाढ होत नाही आणि वर आलेले तेल हवा अडवते. घेवडा, मटार, मका यांच्यात हा आंबटपणा नसतो. म्हणून या भाज्या नुसत्या पाण्यात उकळून हवाबंद बरणीत भरून ठेवू नयेत. बोटुलिनम नावाच्या जंतूची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि बंद बरणीत विष तयार करतात. त्याचा वास येईलच असे नाही. अशा भाज्या वाळवाव्यात किंवा व्हिनेगर घालून त्यांचे लोणचे करावे. टोमॅटोच्या बाटलीतही लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालणे बरे. प्रेमाने भरलेली बरणी घरातल्यांना अपाय करणार नाही हे पाहणे हाही प्रेमाचाच भाग आहे.

मग साठवावे किती? याचे उत्तर निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. रानात इस्राएल लोकांना रोज मान्ना मिळत असे. दुसऱ्या दिवसासाठी कोणी ठेवला तर त्यात किडे पडत. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि तो शब्बाथाच्या दिवशी नासत नसे. मान्ना तोच आणि माणसेही तीच. फरक होता तो हेतूचा आणि मर्यादेचा. शब्बाथासाठी ठेवलेल्या मान्नाला शेवट ठरलेला होता. अविश्वासाने ठेवलेल्याला मोजमाप नव्हते.

आपली परसबाग हे मोजमाप आपोआप शिकवते. मेथी तीनचार आठवड्यांत हाती येते, टोमॅटोला अडीचतीन महिने थांबावे लागते. मुलांना कळते की पैसे मोजले म्हणून रोप लवकर वाढत नाही. गणिताचे अध्यापन करणारे श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि पालापाचोळा, उसाची चिपाडे व घरातला ओला कचरा यांतून थोडक्या जागेत भरपूर पिकवण्याचे मार्ग दाखवले. त्यांच्या पुस्तकाचे नावच 'विपुलाच सृष्टी' असे आहे. देवाने निर्मिलेली सृष्टी मुळात कृपण नाही. टंचाई पुष्कळदा आपल्या वाटपात असते.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लूकलिखित शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याने कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले. त्याचे बोलणे नीट ऐका. त्यात माझे पीक, माझे धान्य, माझा जीव एवढेच आहे. शेजारी, मजूर, विधवा, कोणीही नाही. साठवणीचे रूपांतर साठेबाजीत होते ते या जागी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. दोन महिन्यांत भाव असा कोसळला की तोडणीचा खर्चही सुटेना म्हणून शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. भाव पडलेला असताना एखाद्या घराने एक क्रेट टोमॅटो घेऊन सॉस करून ठेवला, तर शेतकऱ्यालाही हातभार लागतो आणि अन्नही वाया जात नाही. साठेबाजही त्याच वेळी माल घेतो, पण तो शेजाऱ्याच्या अडचणीची वाट पाहत बसतो.

भरलेले कोठार ही सत्ता आहे, हे पवित्र शास्त्राने लपवलेले नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळात मिसर देश वाचवला, हे आपण मुलांना सांगतो. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातील पुढचा भाग मात्र सहसा सांगत नाही. त्याच धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरेढोरे दिली आणि शेवटी जमिनी देऊन ते स्वतः फारोचे दास झाले. जीव वाचले, स्वातंत्र्य गेले. याजकांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या, ही नोंद आम्हा धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच्या शेजारी आपल्या मातीतले दामाजीपंत ठेवून पाहा. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांचे अधिकारी असलेल्या दामाजींनी दुष्काळात भुकेलेल्यांसाठी ती कोठारे खुली केली, अशी परंपरा सांगते. त्यांनी बदल्यात काही लिहून घेतले नाही, उलट स्वतःचा जीव धोक्यात घातला.

संत थॉमस यांनी याची नेमकी मांडणी केली आहे. वस्तू सांभाळण्याची, वाढवण्याची जबाबदारी एकेकाची असावी, कारण आपले म्हणून माणूस काळजी घेतो. पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला सहज द्यावी. बरणी आपली, तिच्यातले लोणचे देवाचे, असे आपण म्हणू शकतो. आपल्या पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात जेवण मिळावे म्हणून. अन्नाची पोती पाठीवर वाहणाऱ्याच्या पोटात अन्न असावे, एवढा साधा न्याय त्यामागे आहे.

ज्ञानाचेही असेच आहे. अन्न हवाबंद करून उकळण्याची पद्धत फ्रान्समधील निकोला अपेर या मिठाईवाल्याने शोधली. १८१० मध्ये सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले ते ही पद्धत छापून सर्वांना सांगावी या अटीवर, आणि त्याने ती सांगितली. आपल्या घरची लोणच्याची कृती शेजारणीला सांगताना एखादा मसाला गाळण्याचा मोह होतो, तेव्हा अपेरची आठवण ठेवावी.

तर मग आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, बेगमी पुढच्या हंगामापर्यंतचीच असावी. नवे लोणचे घालताना जुनी भरलेली बरणी मागे उरता कामा नये. दुसरी, लेवीय ग्रंथात शेताच्या कडा गरिबांसाठी राखण्याची आज्ञा आहे, तशी प्रत्येक खेपेची पहिली बरणी दुसऱ्याच्या नावाने भरावी. उरलेली किंवा बुरशी धरू लागलेली नव्हे, पहिली. तिसरी, भाव पडलेले असताना भाजीवाल्या मावशींशी जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करू नये. आपण स्वतः एक जुडी पिकवून पाहिली असेल, तर ती घासाघीस आपल्याला करवणारही नाही.

८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माचा सण येतो. मंगळुरी कॅथलिक कुटुंबे त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांवर आशीर्वाद घेतात आणि सगळे घर एकत्र बसून नवान्न जेवते. आपल्याकडे भाताची शेते नाहीत, पण डब्यात उगवलेली मिरची आहे आणि मुलांनी पुसून भरलेली बाटली आहे. त्या दिवशीच्या मिस्साला अर्पणाच्या वेळी आपण ती वेदीपाशी आणू या. मिस्सा संपल्यावर ती आपल्या घरी परत न जाता गरजू घरी जावी. जगाची काळजी वाहणारा पिता आपल्या बागांना पाऊस, आपल्या बरण्यांना बरकत आणि आपल्या मनांना निश्चिंती देवो.