फ्लॅशची साक्ष

घराघरांतल्या कपाटांत लग्नाच्या अल्बमशेजारी आज एक छोटा डिजिटल कॅमेरा पडून असतो. सेल काढून ठेवलेले, मेमरी कार्ड आतच, पाउचची चेन तुटलेली. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरकडच्या मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र साधारण २००५ नंतर शिरलं आणि त्याची पहिली वाट बहुतेक वेळा देवाकडची होती. शेगाव, लोणार, देऊळगाव राजाचा बालाजी, नाहीतर थेट पंढरपूर. छत्तीस फोटोंचा रोल संपायची भीती गेली, धुऊन आणायचा खर्च गेला. माणसं मोकळ्या हाताने बटण दाबू लागली. मग रात्री कॅमेरा टीव्हीला जोडून सगळ्यांनी मिळून फोटो पाहिले, तेव्हा काही फोटोंत एक आगंतुक दिसला.

फिकट पांढरा, अर्धवट पारदर्शक गोळा. पालखीच्या वर, आजीच्या खांद्यापाशी, मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. कधी एकटा, कधी पंधरा-वीस. फोटो काढताना तिथे कुणालाच काही दिसलं नव्हतं. मग घरात बोलणं सुरू होतं: शेगावचे गजानन महाराज येऊन गेले. किंवा, गेल्या साली गेलेले आजोबा कीर्तनाला आले होते. कुणीतरी तज्ज्ञ भाचा ‘धूळ असेल’ म्हणतो आणि त्याला गप्प बसवलं जातं, कारण दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो: फोटोत कुणी काही केलेलं नाही, कॅमेऱ्याने जे होतं तेच टिपलं, यंत्र खोटं कशाला बोलेल?

हा काही वऱ्हाडी भाबडेपणा नव्हे. २००७ साली ‘द ऑर्ब प्रोजेक्ट’ नावाचं अख्खं पुस्तक इंग्रजीत आलं. लेखक दोन: एक आयर्लंडमधले कॅथलिक ईश्वरशास्त्राचे अभ्यासक, दुसरे पदार्थविज्ञानात काम केलेले शास्त्रज्ञ. हे गोळे म्हणजे चैतन्याची रूपं असावीत, असा त्यांचा कल होता. त्याआधी, १८६० च्या दशकात बोस्टनच्या विल्यम मम्लरने मृत नातलगांच्या धूसर आकृत्या फोटोत आणून देण्याचा धंदाच मांडला होता. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि पुराव्याअभावी तो सुटला. मम्लरचं निदान सोपं आहे, तो लबाडी करत असे. बुलढाण्यातल्या गृहस्थाने मात्र काहीच केलेलं नाही. त्याचा फोटो अस्सल आहे. म्हणूनच त्याचा प्रश्न जास्त अवघड: अस्सल फोटो खरा असतोच का?

आधी गोळ्याचा उलगडा. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात फ्लॅश आणि भिंग यांच्यात जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचं अंतर असतं. भिंगासमोर अगदी जवळ तरंगणाऱ्या धुळीच्या कणावर फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीने पडतो आणि परतून सरळ भिंगात शिरतो. मागे उभी असलेली माणसं तीन-चार मीटरवर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फार थोडा येतो. कण इतका जवळ की तो फोकसमध्ये येऊच शकत नाही, म्हणून फुगून गोल चकती होतो. भिंगाच्या झडपेचा आकार गोल तर गोळा गोल, कोनदार तर गोळाही कोनदार. त्यात या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, त्यामुळे जवळच्या वस्तू पूर्ण विरून न जाता कडा धरून राहतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यावर फ्लॅशगन उंच, भिंगापासून लांब बसे. तिने उजळलेली धूळ भिंगाच्या डोळ्यासमोर फारशी येत नसे. दुपारी कौलातून उतरणाऱ्या कवडशात घरभरची धूळ अचानक दिसू लागते, तसंच हे. फरक इतकाच की इथे कवडसा सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा टिकतो आणि डोळ्याला तो पकडता येत नाही.

पडताळा घरबसल्या होतो. अंधाऱ्या खोलीत सतरंजी झटकावी, लगेच फ्लॅश उडवून फोटो काढावा, मग फ्लॅश बंद करून दुसरा. पहिल्यात चैतन्याची जत्रा भरते. दुसऱ्यात सतरंजीही धड दिसत नाही, पण गोळा एकही नसतो. पालखीच्या मुक्कामाची धूळ, उदबत्तीचा धूर, आषाढातली भुरभुर या सगळ्यांत गोळे का वाढतात, हेही त्यातच आलं.

आता गंमत पाहा. याच कॅमेऱ्याची दुसरी खोड सगळ्यांना ठाऊक होती: माणसांचे डोळे लालभडक येणं. कारण तेच, भिंगाला खेटून असलेला फ्लॅश. त्याचा उजेड बाहुलीतून आत जाऊन रक्ताने भरलेल्या पडद्यावरून परततो. लाल डोळ्यांना मात्र कुणी राक्षस म्हटलं नाही. सगळ्यांनी तो कॅमेऱ्याचा दोष मानला, कंपन्यांनी तो घालवायचं बटण दिलं आणि लोकांनी ते दाबलं. एकाच फ्लॅशची दोन पोरं: एकाची दुरुस्ती झाली, दुसऱ्याची तसबीर झाली. निवड कॅमेऱ्याने केलेली नाही, पाहणाऱ्याने केली. आपल्या हवेपणाला जे जुळलं ते दर्शन, जे जुळलं नाही ते बिघाड.

तरीही श्रद्धावानाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला कधी कधी दिसतंच. टीव्हीचा रिमोट छोट्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर त्याच्या टोकाशी जांभळट दिवा लुकलुकतो. डोळ्याला तिथे अंधार असतो. तो अवरक्त प्रकाश आहे आणि खरोखरच आहे, त्यानेच तर टीव्ही चालतो. म्हणजे ‘डोळ्याला दिसलं नाही म्हणून ते नाही’ हा विवेकवाद्याचा घाईचा निकालही तितकाच कच्चा.

मग ठरवायचं कसं? हा वाद आपल्याकडे कॅमेऱ्याच्या फार आधी झालेला आहे. न्यायसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात प्रत्यक्षाची व्याख्या इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून होणारं ज्ञान अशी आहे, आणि ते भ्रमरहित असावं, अशी अटही आहे. या व्याख्येने फोटो प्रत्यक्ष नव्हेच. इंद्रियाचा संबंध कागदाशी किंवा पडद्याशी आला, पालखीवरच्या गोळ्याशी आला नाही. तिथून पुढे ‘अमुक तिथे होतं’ हे म्हणणं अनुमान ठरतं आणि अनुमान चुकण्याचे रस्ते नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, शोधून ठेवले आहेत. त्यांचा एक आवडता दाखला म्हणजे दूरवरची वाफ पाहून तिला धूर समजणं आणि डोंगरावर आग आहे असं सांगणं. सांगणारा खोटं बोलत नाही, त्याला काहीतरी दिसलेलंच असतं. धूळ पाहून देव सांगणारा याच माणसाचा वंशज.

याहून खोल भांडण नैयायिकांचं आणि मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांचं, म्हणजे मीमांसकांचं. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असतं. बाध येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञान झालं एवढ्याने ते खरं ठरत नाही, त्याचं खरेपण बाहेरून, पडताळ्याने सिद्ध व्हावं लागतं. छोटा कॅमेरा हाती आलेला माणूस नकळत मीमांसक झाला. फोटो निघाला म्हणजे खरा, आता खोटा ठरवायचा तर तुम्ही ठरवा. रोजच्या व्यवहारात हे चालतं, नाहीतर ओळखपत्रावरचा फोटोही दर वेळी तपासत बसावं लागेल. पण जिथे दावा मोठा, तिथे नैयायिकाचं ऐकलेलं बरं.

बुलढाणा जिल्ह्याला हा धडा २०२० मध्ये अख्ख्या जगासमोर मिळाला. जून महिन्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचं तळं गुलाबी झालं. फोटो फिरू लागले तेव्हा अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती की रंग कॉम्प्युटरवर चढवलेला आहे. दुसऱ्या बाजूला कथा तयारच होती: विष्णूने दैत्यसूदन होऊन इथे लोणासुराला मारलं, तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त आणि मीठ हे त्याचं मांस, असं इथली जुनी आख्यायिका सांगते. फोटो दोन्ही पक्षांना पुरून उरला, कारण फोटोत फक्त गुलाबी रंग होता, त्याचं कारण नव्हतं. कारण बाटलीत मिळालं. वनखात्याने पाण्याचे नमुने दिले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले आणि हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. पाण्याची पातळी घटून खारेपणा वाढला की हे जीव फोफावतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

म्हणजे जो फोटो बनावट वाटत होता तो खरा निघाला, आणि ज्या फोटोवर कुणी बोटही लावलं नव्हतं तो गोळ्याचा फोटो देवाबद्दल काहीच सांगत नव्हता. फोटो अस्सल असणं आणि त्यातून काढलेला अर्थ खरा असणं, या दोन गोष्टींची तपासणी वेगवेगळी करावी लागते. लोणारचं विवरही असंच. शतकानुशतकं लोक काठावर उभे राहून ते पाहत होते, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, हे पाहून ठरेना. १९७० च्या दशकात खडकाच्या कणांत, आघाताच्या प्रचंड दाबानेच बनणारी काच सूक्ष्मदर्शकाखाली सापडली तेव्हा उल्केच्या बाजूने निकाल लागला.

गोळा धुळीचा निघाला म्हणून शेगावची वारी वाया जाते काय? ज्याला तसं वाटतं त्याची भक्ती कॅमेऱ्याने उगाच पातळ केली आहे. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात दिसले, ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले; त्यांच्यामागे माणसं चालत राहिली ती कुणाच्या मेमरी कार्डावर विसंबून नव्हे. मराठी संतपरंपरा तर पुराव्याच्या बाबतीत भलतीच कडक. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर आपला सिद्धान्त मांडतात आणि वर सांगतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटलं म्हणून आपण हे मानत नाही, त्यांनी म्हटलं नसतं तरी ते तसंच असतं. साक्षात श्रीकृष्णाच्या शब्दावर जो केवळ शब्द म्हणून थांबत नाही, त्याच्या वारशात दोन सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला साक्षीदार नेमणं शोभत नाही.

घरातल्या घरात कुणी असा फोटो जपत असेल तर जपो, त्याने कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतली कुटुंबं ‘बाहेरची बाधा’ झाल्याचं समजलं जाणारं आपलं माणूस घेऊन येतात. धूळ, धूर, अंधार आणि गांजलेली माणसं. अशा ठिकाणी फ्लॅशच्या फोटोत गोळा उमटणारच, आणि ‘हीच ती बाधा’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्या कुटुंबाकडे त्याला उत्तर नसतं.

कॅमेऱ्यांची विक्री आता ओसरली आहे. २०१० मध्ये जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये, सगळे प्रकार धरून, ऐंशी लाखांच्याही आत. अंधारात फोनवाले फ्लॅश टाळून नाइट मोड लावतात, त्यामुळे गोळेही विरळ झाले. सध्या तरुण मुलं हौसेने घरातले जुने छोटे कॅमेरे बाहेर काढताहेत. म्हणजे गोळे परत येतील आणि त्यांचा अर्थ सांगणारेही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं वा घाबरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. असा फोटो पुढे करून कुणी पैसे मागितले तर पोलीस ठाण्यात जावं. आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललं आहे त्या आजारी माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.