नवाने भाग जातो

माणसाने शाळेत एकदाच जावं. दुसऱ्यांदा जायची हौस आली की त्याला माजी विद्यार्थी संघ म्हणतात.

पहिल्या खेपेला सोय चांगली होती. दोन पोरं भांडली की मास्तर दोघांनाही एकेक छडी देऊन मोकळे होत. कोण खरा, कोण खोटा, याची चौकशी नाही. न्याय नसेल, पण निकाल पाच मिनिटांत! दुसऱ्या खेपेला मास्तर नसतात, छडीही नसते. असते ती घटना, नियमावली आणि चहापाण्याचं बिल.

आमची दहावी 1996 सालची. शाळेचं नाव सांगत नाही, कारण भांडलो आम्ही, त्या बिचारीचा काही दोष नाही. आम्ही पास झालो तेव्हा शाळा भंडारा जिल्ह्यात होती. पुढे 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा झाला आणि शाळा जागची न हलता जिल्हा बदलून बसली. संघाच्या शिक्क्यावर कोणता जिल्हा घालायचा, यावरून पहिला तंटा झाला. "शिकलो तो जिल्हा" असा एक पक्ष, "आहे तो जिल्हा" असा दुसरा. शेवटी शिक्क्यावर जिल्हाच घातला नाही. त्या दिवशी सगळ्यांना आनंद झाला आणि वाईट सवय लागली. ज्यावर भांडण होतं ते पुसून टाकायचं, म्हणजे भांडण मिटतं, असं आमच्या मनाने घेतलं.

1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था जन्माला घालायला सात माणसं पुरतात. मोडायला मात्र तीन पंचमांश सभासद एकमताचे लागतात. आमच्या वर्गातले तीन पंचमांश लोक पंधरा ऑगस्टची जिलेबी सोडून कशावरही एकमत झाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे आमचा संघ अमर आहे. शिवाय 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. कार्यकारिणी बदलली की त्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. भांडणाऱ्या संस्थेची खूण अशी, की तिथून एकाच कार्यकारिणीचे दोन बदल अर्ज जातात आणि दोन्हींवर "सर्वानुमते" लिहिलेलं असतं.

असे दोन गट बँकेतही येतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत लिपिक, म्हणून हे रोज बघतो. एक गट ठराव आणतो, दुसरा गट "पैसे देऊ नका" असं पत्र आणतो. मग आम्ही खातंच गोठवून ठेवतो आणि सांगतो, वरचा हुकूम आणा. बँकेला खरं-खोटं कळत नाही, सह्या कळतात. माझीही नोकरी इतकी वर्षं झाल्यामुळे मला सह्याच जास्त कळायला लागल्या होत्या. पुढची गोष्ट त्यातूनच घडली.

शाळेला पाण्याची टाकी द्यायची म्हणून आम्ही वर्गणी काढली. सचिवाच्या यादीप्रमाणे जमले 1,26,400 रुपये. खजिनदाराच्या वहीप्रमाणे 1,21,900. फरक साडेचार हजारांचा. सचिव पडला मास्तर, अक्षर मोत्यासारखं. खजिनदार धानाचा शेतकरी, अक्षर रोवणीच्या दिवसांतल्या बांधीसारखं, सगळीकडे चिखल. आता तुम्हीच सांगा, लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा? अक्षर सुंदर असलं की माणूस प्रामाणिक, हे आपल्याला पहिलीपासून शिकवलेलं असतं.

"खाल्ले" असं कुणी म्हटलं नाही. "कुठंतरी गेले असतील", "गडबडीत होतं असं", "आपलाच माणूस आहे, काय बोलायचं" असं म्हटलं. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट. परक्याला माणूस चोर म्हणतो, आपल्याला "आपलाच माणूस" म्हणतो.

भांडण मिटवायला सभा ठरली चोरखमाऱ्याला. तिरोडा तालुक्यातलं हे गाव. नागझिरा अभयारण्यात शिरायचं एक फाटक इथे आहे. मोठं तळं आहे, जंगल आहे. 2013 पासून ते जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे. जागा निवडण्यात अध्यक्षांचा हेतू एवढाच, की तळ्याकाठी माणसं हळू बोलतात. पण नोटीस टाइप करताना ओळ संपली आणि "स्थळ : चोर-" एवढंच वरच्या ओळीत राहिलं. "खमारा" खाली गेलं. खजिनदाराने मला फोन केला.

"हे गाव मुद्दामच निवडलं न बे?"

मी म्हटलं, "अरे, गावाचं नावच ते आहे."

"नाव त गावाचं आहे. पन ओळ कोनी तोडली?"

मला उत्तर सुचलं नाही. मी सह्या ओळखणारा माणूस, ओळी तोडणाऱ्यांशी माझा संबंध नाही.

सभा सकाळी दहाला सुरू झाली. आपल्या राज्य सरकारने 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली. त्या काळात आमचे अध्यक्ष त्यांच्या गावच्या समितीवर होते. तंटा कसा मिटवायचा, याचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांनी एक तास दोन्ही बाजूंना बोलू दिलं. बोलणी पैशांवरून सुरू झाली आणि सातवीतल्या कंपासपेटीवर गेली. कोणी कोणाला वर्गप्रमुख होऊ दिलं नाही, स्नेहसंमेलनात कोणाला भालदार केलं आणि कोणाला राजा केलं, हे सगळं निघालं. खजिनदाराच्या पिशवीत वही आणि पावतीपुस्तक होतं. ते उघडायला कुणाला सवड नव्हती, कारण सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते.

मग अध्यक्ष उठले. ठेकेदार माणूस, मन मोठं. म्हणाले, "साडेचार हजारासाठी सत्तावीस वर्षांची दोस्ती तोडता काय? हे घ्या, मी भरतो माझ्या खिशातून. आता कोनी काही बोलायचं नाही. झालं गेलं तळ्यात!"

टाळ्या पडल्या. सचिवाचे डोळे भरून आले, त्याने खजिनदाराला मिठी मारली. फोटो निघाला. त्या फोटोत मिठी मारणारा दिसतो, मारून घेणाऱ्याची पाठ दिसते. खजिनदार एक शब्द बोलला नाही. आम्ही म्हटलं, गहिवरला असेल.

पंगत बसायला अवकाश होता. भात निवत होता, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. मी सहज पिशवी उघडली. सहज म्हणतो, पण सकाळपासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. बँकेत दिवसाचा हिशेब जुळला नाही की जुने लोक आधी फरकाला नवाने भागून बघत. भाग गेला, की अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यायचा. 27 चे 72 झाले तर फरक 45, 18 चे 81 झाले तर फरक 63. प्रत्येकाला नवाने भाग जातो. आता संगणक हे सगळं बघतो, पण पाढे जात नाहीत. साडेचार हजार भागिले नऊ, पाचशे. बरोब्बर भाग जातो. म्हणजे पैसे कुणी खाल्लेले नसून आकडे उलटे बसलेले असण्याचा संभव मोठा.

पावत्या चाळायला मला चार मिनिटं लागली. पुण्याच्या एका वर्गमित्राची पावती होती 1,600 रुपयांची, खाली कार्बनची प्रत, स्वच्छ. सचिवाच्या मोत्यासारख्या यादीत त्याच्या नावापुढे होते 6,100.

मी मान वर केली. समोर सचिव भात वाढत होता. खजिनदाराच्या पानात त्याने तुपाची धार जरा जास्तच धरली. सगळीकडे कसं गोकुळ झालेलं. आणि मी पावतीपुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं आणि जेवायला बसलो.

त्या दिवशी मी मनाची समजूत कशी घातली ते सांगतो, तुम्हाला कधी उपयोगी पडेल. एक, जुळलेली मनं मोडणं बरं नव्हे. दोन, सचिवाचा अपमान होईल. तीन, पैसे भरून आलेच आहेत, नुकसान कुणाचंच नाही. चार, खजिनदार स्वतःच गप्प आहे, तर मी कोण? अशी चार कारणं एकदम सापडली की समजावं, खरं कारण पाचवं आहे. खरं कारण असं, की भात निवत होता आणि मला वाईटपणा नको होता.

धर्मराजाने "नरो वा कुंजरो वा" केलं, म्हणून जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला म्हणतात. पण त्याने निदान पुटपुटलं तरी! मी तेवढंही केलं नाही. माझा रथ खाली आला नाही, याचं कारण मी एस.टी.ने आलो होतो.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, धान विकून झाल्यावर, खजिनदार माझ्या काउंटरवर उभा राहिला. संघाच्या खात्यात भरणा करायची स्लिप आणि वर पाचशेच्या नोटा. मी सवयीने मोजल्या. नऊ.

"हे काय?"

"अध्यक्षाचे आहेत, त्याले वापस देऊन टाका म्हना. खाल्ले नाही त फेडून तरी टाकतो. पोरगं आता आपल्याच शाळेत आठवीत आहे. त्याले कोनी म्हटलं, तुह्या बापाचे पैसे ठेकेदारानं भरले."

मी नोटा पुन्हा मोजल्या. नऊच होत्या. रांगेत मागे चार माणसं उभी होती. मी म्हटलं, "हे पैसे तुझे नाहीत. म्हणजे तुझेच आहेत. यादीत सोळाशेचे एकसष्टशे झालेत. मला माहीत आहे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कवापासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून."

"जेवनाच्या आधी का नंतर?"

"भात वाढत होते तेव्हा."

"मंग भात थांबवायचा होता बाप्पा," तो म्हणाला. "थंडा झाला असता, एवढंच."

त्याने नोटा उचलल्या आणि तो गेला. मागच्या माणसाने पासबुक पुढे केलं. मी त्यावर शिक्का मारला, तो उलटा बसला.

त्या रात्री मी गांधीजींची जुनी गोष्ट पुन्हा काढून वाचली. आमच्या अध्यक्षांची तंटामुक्ती त्यांच्याच नावाची ना! 1893 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले ते दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ त्यांचेच नातलग, दोघेही पोरबंदरचे. गांधीजींनी दोघांना कोर्टाबाहेर पंचापुढे आणलं, आणि वकिलाचं खरं काम दुभंगलेल्यांना जोडण्याचं आहे, हे आपल्याला तिथे उमगलं, असं आत्मकथेत लिहून ठेवलं. आपण सगळे एवढंच लक्षात ठेवतो. पण त्यातला क्रम बघा. आधी पंचाने हिशेब पाहून निकाल दिला, दादा अब्दुल्ला खरे ठरले. रक्कम सुमारे 37,000 पौंड आणि वर खर्च. ती एकदम मागितली असती तर तय्यब शेठ दिवाळ्यात जात. मग गांधीजींनी आपल्याच अशिलाची समजूत घालून लांब मुदतीचे हप्ते करून दिले. खरं काय ते आधी आणि दया नंतर. आम्ही चोरखमाऱ्याला दया आधी केली. आणि ज्याने काही केलंच नव्हतं त्याच्यावर केली. निरपराध माणसाला क्षमा करण्यासारखा दुसरा अपमान नसेल.

आपल्या भाषेत भांडणही मिटवतात आणि डोळेही मिटतात. तळ्याकाठी आम्ही यातलं नक्की काय केलं, याचा मला उलगडा झाला. बँकेत चुकलेली नोंद खोडत नाहीत, रबराने पुसत नाहीत, तिच्यावर दुसरा कागदही चिकटवत नाहीत. त्याच हिशेबात उलट नोंद करतात, कारण लिहितात आणि सही करतात. चूक आणि दुरुस्ती दोन्ही शेजारी शेजारी राहतात, कुणीही केव्हाही येऊन पाहावं. एवढी साधी गोष्ट मी वीस वर्षं पैशांच्या बाबतीत करत आलो होतो.

पुन्हा सभा बोलवली. अध्यक्षांनी सोयीचं म्हणून तिरोड्यातलं सभागृह सुचवलं. खजिनदार म्हणाला, "नाही. जिथं चोर झालो तिथंच."

म्हणून पुन्हा चोरखमारा, पुन्हा तळं. मी उभा राहून पावती वाचली, यादी वाचली, आणि मला केव्हापासून माहीत होतं तेही वाचलं. शेवटचं वाचताना आवाज जरा गेला. सचिवाने यादी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला असन." मग थोड्या वेळाने म्हणाला, "चुकलं माझं." या दोन वाक्यांच्या मधे तळ्यावरून एक बगळा पूर्ण पलीकडे गेला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, की मागील सभेतला फरक यादीतील चुकीमुळे होता, खजिनदारांचा हिशेब बरोबर आहे, अध्यक्षांना त्यांची रक्कम परत करावी. त्या दिवशी सगळ्यांत दुःखी दिसले ते अध्यक्ष. आपल्या औदार्याची गोष्ट ते तोवर चार लग्नांत सांगून बसले होते.

मिठ्या झाल्या नाहीत. सचिव आणि खजिनदार अजूनही बेताचंच बोलतात. पण खजिनदार आता फोटोत तोंड पुढे करून उभा असतो.

त्याने पद मात्र सोडलं. नवा खजिनदार कोण, यावर आमच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं. तीन पंचमांश नव्हे, सगळेच. सगळ्यांची बोटं माझ्याकडे. खजिनदाराने पावतीपुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "जेवनाच्या आधी हिशेब सांगत जा, म्हंजे झालं."

तेव्हापासून आमच्या सभेत आधी हिशेब होतो, मग पंगत. भात दरवेळी थंड होतो.