बाजूला ठेवलेला कागद

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत असा करार केला. सह्या झाल्या, पण विश्वास कुणाचा कुणावर नव्हता. चंद्राच्या आड जाऊन कुणी चोरून बॉम्ब फोडला तर? म्हणून अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह जोडीजोडीने वर धाडले. लाखभर किलोमीटर उंचीवरचे हे राखणदार. गॅमा किरणांचा झोत आला की नोंद करायची, हे त्यांचं काम.

त्या नोंदी तपासायचं काम लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रे क्लेबसाडेल आणि रॉय ओल्सन यांच्याकडे होतं. तपासायचं म्हणजे संगणकाने छापलेले आकडे समोर घेऊन डोळे शिणवायचे, एका उपग्रहाची नोंद दुसऱ्याशी ताडून बघायची. १९६९ मध्ये असंच चाळताना २ जुलै १९६७ च्या नोंदीशी दोघे थबकले. बॉम्बचा झोत क्षणाच्याही लहानशा अंशात येऊन जातो आणि मागे किरणोत्सर्ग सावकाश ओसरत राहतो. इथे आधी एक उसळी होती, मग उतार, मग पुन्हा उसळी. सूर्यावरचं वादळ म्हणावं, तर त्या दिवशी सूर्य शांत होता.

नेमणूक बॉम्ब शोधायला झालेली. बॉम्ब नाही म्हटल्यावर तो कागद टोपलीत गेला असता, तरी कुणी जाब विचारला नसता. त्यांनी तो टाकला नाही; आणि गाजावाजाही केला नाही. यातली दुसरी गोष्ट मला जास्त अवघड वाटते.

लष्कराने हे गुपित दाबून ठेवलं, अशी चटकदार कथा अजून सांगितली जाते. तिच्यात तथ्य नाही. शोध जाहीर व्हायला उशीर झाला तो घड्याळांमुळे. जुन्या उपग्रहांची वेळ इतकी नेमकी नव्हती की झोत कुठून आला ते कळावं. पुढचे वेला सेकंदाचा चौसष्टावा भाग टिपू लागले. एकच झोत एका उपग्रहाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा गाठतो. त्या फरकावरून दिशेचा अंदाज बांधता येतो. इयन स्ट्राँग सोबतीला आले. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातले सोळा झोत त्यांनी तपासले. उगम पृथ्वीवर नव्हता, सूर्यावरही नव्हता. जून १९७३ मध्ये एवढंच छापलं. हे झोत कशाचे, यावर त्यांनी दावा केला नाही.

दावे करायला बाकीचे होतेच! वीसेक वर्षांत शंभराहून अधिक तर्क निघाले. त्यांतल्या बहुतेकांनी हे झोत आपल्याच आकाशगंगेत बसवले होते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी 'बेप्पोसॅक्स' या उपग्रहाने एका झोताची जागा नेमकी टिपली आणि मागे रेंगाळणारी क्ष-किरणांची प्रभाही पकडली. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका झोताचं अंतर मोजता आलं. ते अब्जावधी प्रकाशवर्षं भरलं. बहुतेक तर्क एका फटक्यात रद्दीत गेले. १९७३ चा निष्कर्ष तेवढा जागचा हलला नाही.