सन्मानाचे ऋण

अमेरिकेतील असंख्य लहान गावांतून नाताळापूर्वीच्या आठवड्यांत गावाची मिरवणूक निघते. शाळेचे बँडपथक, ट्रॅक्टरने ओढलेले चित्ररथ, दिव्यांच्या माळांनी सजवलेले आगीचे बंब आणि सर्वांत शेवटी सांताक्लॉज, असा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. अग्रभागी, पुष्कळदा उघड्या टपाच्या मोटारीतून, एक व्यक्ती हात हलवत जात असते. तिला 'ग्रँड मार्शल' म्हणतात. पदवी लष्करी इतमामाची. परंतु ज्या गावाजवळ सेनापती नाहीत आणि नटनट्याही नाहीत, ते गाव हे स्थान बहुधा आपल्यातल्याच एखाद्या स्वयंसेवकाला देते. कोणी वर्षानुवर्षे गरजूंना शिधा वाटणारे केंद्र चालवलेले असते, कोणी एकाकी वृद्धांच्या दारी रोज गरम जेवण पोहोचवलेले असते. एरवी ज्या कामाकडे कोणाचे लक्ष जात नाही, ते काम त्या दिवशी रस्त्याच्या मध्यभागी आणले जाते.

येथेच एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. जी सेवा कौतुकाची अपेक्षा न धरता केली, तिचे असे जाहीर कौतुक केल्याने तिचे मोल वाढते की उणावते? सेवेला साक्षीदार हवेत, की साक्षीदार आले म्हणजे सेवेचे रूपांतर नकळत प्रदर्शनात होते?

ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्या शिकवणीकडे पाहिले तर पेच अधिकच घट्ट होतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णे वाजवणाऱ्यांची स्पष्ट निर्भर्त्सना आहे. लोकांनी वाहवा केली, तेवढ्यात त्यांचे वेतन चुकते झाले, असा तिचा आशय. आणि या मिरवणुकीत तर स्वयंसेवकाच्या मोटारीमागे खरोखरीचे कर्णे वाजत असतात! तथापि, त्याच डोंगरावरील प्रवचनात, अवघा एक अध्याय आधी, याच्या उलट वाटणारा उपदेश आढळतो: प्रकाश झाकून ठेवू नये, सत्कर्मे लोकांच्या दृष्टीस पडावीत. वरवर पाहता ही विसंगती आहे. परंतु दुसऱ्या उपदेशात एक पुष्टी जोडलेली आहे. कर्मे पाहून लोकांनी जे स्तवन करायचे, ते कर्त्याचे नव्हे; स्वर्गातील पित्याचे. म्हणजे आक्षेप दिसण्यावर नाही. पाहणाऱ्याची दृष्टी कर्त्यापाशीच अडून राहते की त्याच्या पलीकडे जाते, यावर सारा निवाडा अवलंबून आहे.

गुप्ततेच्या आग्रहामागे आणखीही एक कारण असते, ते सहसा ध्यानात घेतले जात नाही. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करणे ही त्याने सर्वश्रेष्ठ मानली. तिच्या खालोखाल, देणारा घेणाऱ्यास ओळखत नाही आणि घेणारा देणाऱ्यास, अशा दानाला स्थान दिले. या क्रमवारीत देणाऱ्याच्या अहंकाराइतकीच घेणाऱ्याच्या लज्जेची काळजी आहे. यावरून सन्मानाची पहिली मर्यादा निश्चित होते. शिधा वाटणाऱ्याला गावाने खुशाल मोटारीत बसवावे. शिधा घेणाऱ्याला त्या चित्रात खेचू नये. ज्या सत्कारासाठी दुसऱ्याचे दैन्य उघडे करावे लागते, तो सत्कार सेवेच्या मूळ हेतूलाच मारक ठरतो.

विनय आणि गौरव यांच्यातील ताण सोडवण्याचा मार्ग रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या 'दे बेनेफिसीस' या ग्रंथात दाखवला आहे. उपकाराच्या व्यवहारात दोन पक्ष असतात, आणि दोघांना एकच नियम लागू नाही. देणाऱ्याने दिलेले विसरावे. घेणाऱ्याने घेतलेले विसरू नये. या विभागणीमुळे पुष्कळ गोंधळ निवळतो. विसरणे हा स्वयंसेवकाचा धर्म आहे. म्हणून गावानेही विसरून जावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. किंबहुना देणाऱ्याच्या विनयाचा आधार घेऊन स्वतःचे विस्मरण झाकणे ही कृतघ्नतेची अत्यंत सोयीस्कर तऱ्हा आहे. 'त्यांना कौतुक आवडत नाही' असे म्हणून कितीतरी आयुष्ये आभाराच्या एका शब्दावाचून संपतात. म्हणून संकोचणारी व्यक्ती अखेर मोटारीत बसते, तेव्हा ती काही घेत असते असे नाही. गावाला आपले ऋण बोलून दाखवण्याची संधी ती देत असते. हट्टाने नकार देण्यातही कधीकधी सूक्ष्म अभिमान लपलेला असतो.

मग सन्मान नेमका कोणाविषयी काही सांगतो? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभीच म्हटले आहे की, मान हा तो मिळवणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांवर अधिक अवलंबून असतो. म्हणून तो जीवनाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही. हा विचार मानकऱ्यासाठी सावधगिरीचा आहे, तसाच मान देणाऱ्यांसाठी आरशासारखा आहे. गाव कोणाला अग्रभागी बसवते, यावरून त्या व्यक्तीचे मोठेपण कळो न कळो, गाव कशाला मोठे मानते ते कळते. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणारी मुले हा धडा शब्दांवाचून शिकत असतात.

या प्रथेत मानकऱ्याच्या अहंकारावर एक अंगभूत अंकुशही आहे. हॉलिवूडमध्ये १९२८ पासून नाताळची एक प्रसिद्ध मिरवणूक निघू लागली. १९४६ साली तिच्यात गायक-नट जीन ऑट्री घोड्यावर स्वार होऊन गेला. त्या काळी तो अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय पुरुष होता. परंतु कडेची मुले ओरडत होती ती मागून येणाऱ्या सांताक्लॉजच्या नावाने. ऑट्रीने हे मनाला लावून घेतले नाही. त्या आरोळीवरूनच त्याला एक गाणे सुचले आणि पुढच्या वर्षी ते लोकांपुढे आले. मानकरी सर्वांत पुढे असतो, पण प्रतीक्षा असते ती सर्वांत मागून येणाऱ्याची. मान घेण्याची याहून निरोगी जागा क्वचितच सापडेल: सर्वांना दिसावे, आणि तरीही कोणाची नजर आपल्यावर खिळून राहू नये.

येथवरचा विचार सन्मानाच्या बाजूने जातो. खरा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो मोटारीत बसलेल्या व्यक्तीला नसून टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. टाळी ही श्रमापेक्षा फार स्वस्त असते. त्याच मिरवणुकीत दिव्यांनी झळकणारे आगीचे बंब पुष्कळ गावांत बिनपगारी स्वयंसेवकच चालवतात. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात स्वयंसेवी अग्निशामक मंडळी उभी केली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेच्या अंदाजानुसार १९८४ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ८ लाख ९७ हजार स्वयंसेवक होते. २०२० मध्ये ते सुमारे ६ लाख ७७ हजार उरले. या काळात देशाची लोकसंख्या वाढत गेली; बंबाला हात लावणारे हात कमी झाले. समान गरजेसाठी एकत्र येणाऱ्या मंडळ्यांमध्ये तोकव्हिलने १८३५ आणि १८४० साली अमेरिकन लोकशाहीचे बळ पाहिले होते. मंडळी म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेला भार. तोच भार एकाच्या खांद्यावर येऊन पडला आणि बाकीच्यांनी वर्षातून एकदा त्या खांद्यावर हार घातला, तर त्याला कृतज्ञता म्हणता येईल काय?

तेव्हा सन्मान ही ऋणाची फेड नव्हे. ती ऋणाची कबुली आहे. कबुली आवश्यक असते, कारण तिच्यावाचून फेडीला आरंभच होत नाही. पण कबुलीलाच फेड समजणारे गाव सत्पुरुषाचा गौरव करता करता त्याला एकटे पाडते. सत्काराची खरी परीक्षा मिरवणूक संपल्यावर, दिव्यांच्या माळा उतरल्यावर सुरू होते. पुढच्या आठवड्यात शिध्याच्या पेट्या उचलायला एक जरी नवा माणूस आला, तर त्या कर्ण्यांचा नाद वाया गेला नाही असे खुशाल समजावे. कोणीच आले नाही, तर तो सत्कार त्या व्यक्तीचा नव्हताच. आपण कृतज्ञ आहोत, या समजुतीचा तो गावाने केलेला उत्सव होता.